घाटात एफएम जातो, पण मीडियम वेव्ह?

मुंबई-गोवा रस्त्यावरचा कशेडी घाट उतरला की एफएमची खरखर सुरू होते, म्हणून कोकणात गाडीत रेडिओ निरुपयोगी, गाणी डाउनलोड करूनच निघावं, असं काही जण म्हणतात. एफएमपुरतं मान्य. त्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. पण रेडिओ म्हणजे फक्त एफएम नव्हे. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून जातात आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच लांब जातात, म्हणून किनाऱ्याच्या रस्त्यांवर त्या जास्त साथ देतात.

काकांच्या जुन्या पद्मिनी गाडीत गोल बटणाचा रेडिओ होता. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढावर त्यावर आकाशवाणी रत्नागिरी, ११४३ किलोहर्ट्झ, स्वच्छ लागायचं. विजेच्या तारांखालून गाडी गेली की घरघर यायची, तारा मागे पडल्या की बातम्या पुन्हा पहिल्यासारख्या. अंधार पडल्यावर तर कुठली कुठली लांबची केंद्रं घुसायची, कारण रात्री या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परत फिरतात. काका काटा केसभर सरकवून नेमकं केंद्र पकडायचे, ते बघत बसायला मला फार आवडायचं.

नवी गाडी घेणाऱ्यांनी स्क्रीनच्या मेन्यूत एएम, म्हणजे हीच मीडियम वेव्ह, आहे का, हे शोरूममध्येच बघावं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर नक्कीच, कारण मोटर आणि तिला बॅटरीची वीज बदलून देणाऱ्या इन्व्हर्टरचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो आणि काही कंपन्यांनी त्यापायी एएम काढूनच टाकलंय.