समुद्रसर्प दिसला तेव्हा : मच्छीमारांचे अनुभव

समुद्रात सापासारखे लांबलचक काहीतरी पाहिल्याचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ऐकणारे एक तर थट्टा करतात, नाही तर त्याला राक्षस ठरवून मोकळे होतात, आणि प्रत्यक्ष पाहिलेले मात्र हरवते. म्हणून आपला किंवा घरातल्यांचा अनुभव सांगताना अंतर, उजेड, लाटा आणि किती वेळ दिसले हे आधी लिहावे. नाव मागाहून ठेवता येईल. सुरुवात मीच करतो; पुढचा प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाचा आहे. पहाटे पाणी तेलासारखे संथ असताना एका रांगेत 7 काळी वेटोळी वरखाली होत जाताना मी पाहिली आणि जाळे ओढायचे विसरलो. चार-पाच मिनिटांनी रांग वळली, तेव्हा प्रत्येक वेटोळ्याला स्वतंत्र पर दिसला. ते डॉल्फिन होते. रांग वळली नसती, तर मी आजही शपथेवर साप म्हणालो असतो.

*

आमच्या होडीजवळ आला तो मरायला टेकलेला ओअरफिश होता : पट्टीसारखे चपटे अंग, पाठभर लाल पर, डोक्यावर तुरा. होडी 22 फुटांची. तो तिच्या निम्म्याहून थोडा अधिक भरला. अंगाला खवले नव्हते आणि हात लावताच चंदेरी थर बोटांना चिकटून आला. हा मासा शेकडो मीटर खोल राहतो आणि बहुधा आजारी असतानाच वर येतो, त्यामुळे समुद्रावर जन्म काढलेल्यालाही तो अनोळखी वाटावा यात नवल नाही.

*

मी स्वतः काही पाहिलेले नाही, पण 1977 साली न्यूझीलंडजवळ झुइयो मारू या जपानी ट्रॉलरच्या जाळ्यात आलेल्या धुडाबद्दल लिहायलाच हवे. सुमारे 10 मीटर लांबीचे, लांब मानेचे ते कुजके धूड बाकीची मासळी नासवेल म्हणून परत समुद्रात टाकले गेले. मात्र त्याआधी छायाचित्रे आणि मापे घेऊन पराचे धागे काढून ठेवले होते. त्या धाग्यांच्या तपासणीत ते बास्किंग शार्कशी जुळले. या माशाचा जबडा आणि कल्ले आधी गळून पडतात, आणि उरलेली लहान कवटी व कणा यांची ‘मान’ दिसू लागते. धागे जपणाऱ्या त्या माणसांचे मला मनापासून कौतुक वाटते.

*

याच्या उलट घडले ते 1817 साली अमेरिकेतील ग्लॉस्टर बंदरात. विद्वानांच्या समितीने समुद्रसर्प पाहिल्याचे सांगणाऱ्या साक्षीदारांच्या शपथेवर जबान्या घेतल्या, हे उत्तमच झाले. पण किनाऱ्याजवळ सापडलेला, पाठीला उंचवटे असलेला छोटा साप त्या प्राण्याचे पिल्लू मानून त्याला नवे शास्त्रीय नावही देऊन टाकले. तो निघाला जमिनीवरचाच, कण्यात व्यंग असलेला साप.

*

माझे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख होते. लख्ख उन्हात, होडीपासून दोन वावांवर (साधारण बारा फुटांवर), तपकिरी, गुळगुळीत मान पाण्याबाहेर सरळ उभी राहिली आणि तशीच उभी खाली गेली, असे ते सांगत. धक्क्यावर पहिल्यांदा सांगितले तेव्हा ‘किती घेतली होती?’ असे त्यांना विचारले गेले. पुढे वीस वर्षे त्यांनी तो विषय काढला नाही. अखेरच्या दिवसांत मी विचारले, तेव्हा त्यांनी काठीने जमिनीवर दोन रेघा ओढून मानेची जाडी दाखवली. ती मी मोजून ठेवली आहे : 14 इंच.