अनुभव धागा: घरी स्मार्ट वीजमीटर बसवताना तुमच्याकडे काय घडले?

महाराष्ट्रात घरोघरी जुने वीजमीटर उतरवून स्मार्ट मीटर, म्हणजे वापर आपोआप वीज कंपनीला कळवणारे मीटर, बसवण्याचे काम सुरू झाल्यापासून या विषयावर भरपूर बोलले गेले आहे. परंतु त्यातले बहुतेक बोलणे मीटर चांगला की वाईट याच वादात अडकते. तो वाद इथे नको. मीटर बसवण्याच्या दिवशी आणि नंतरच्या पहिल्या दोन-तीन बिलांत प्रत्यक्ष काय अडचण आली आणि ती कशी सुटली, एवढेच लिहावे, ही विनंती.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून हे मीटर आले. आरंभी ते प्रीपेड असणार होते. विरोध वाढल्यावर जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नाही असे जाहीर केले आणि त्यानंतर ‘टीओडी’, म्हणजे दिवसातल्या वेळेनुसार वापर मोजणारे, परंतु बिल पूर्वीसारखेच वापरानंतर देणारे मीटर बसू लागले. ही घोषणा प्रत्येकाच्या दारापर्यंत नीट पोहोचली असे नाही, हे खालच्या अनुभवांवरून दिसेलच.

इचलकरंजी

आई घरी एकटी असते. दुपारी जेवून ती जरा पडली असताना दोन मुले जिना चढून आली, ‘आजी, सरकारी काम आहे, पैसे लागत नाहीत’ एवढे सांगून त्यांनी मेन स्विच बंद केला आणि जुना मीटर उतरवला. गळ्यात ओळखपत्र होते, पण ते ठेकेदाराचे. वीज कंपनीचे नव्हे. मोबाइलच्या काचेवर आईची बोटाने सही घेतली, मात्र तिच्या हाती एक चिठ्ठीही ठेवली नाही. हा मीटर प्रीपेड आहे का, असे तिने विचारले तेव्हा ‘ते ऑफिसात विचारा’ असे उत्तर मिळाले.

पुढच्या बिलात जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग म्हणून जो आकडा छापून आला, तो प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त होता. सुदैवाने शेजारच्या मुलाने मीटर उतरवण्यापूर्वी फोटो काढला होता आणि त्यात बसवणाऱ्याचा अंगठा, मीटरचा क्रमांक आणि युनिटचा आकडा या तिन्ही गोष्टी स्वच्छ दिसत होत्या. तो फोटो छापून अर्जाला जोडल्यावर बिल दुरुस्त झाले. जुना मीटर एकदा गोदामात गेला की त्यावरचा आकडा पुन्हा बघायला मिळणे अवघड असते. त्यामुळे हा फोटो नसता तर आईच्या तोंडी सांगण्याला कार्यालयात कितपत किंमत मिळाली असती, याची मला शंकाच आहे.

कल्याण (गृहनिर्माण संस्थेचे सचिव)

आमच्या इमारतीचे सगळे मीटर तळघरातल्या एका खोलीत आहेत. तिथे मोबाइलला रेंज नाही, हे इथल्या प्रत्येक रहिवाशाला ठाऊक आहे. परंतु ज्या मीटरमधले सिमकार्ड दर काही मिनिटांचा वापर दूरवरच्या सर्व्हरला कळवणार, ते बसवण्यापूर्वी रेंज तपासावी असे कोणालाही सुचले नाही. परिणामी मीटर बसले, पण त्यांचे रीडिंग कुठे पोहोचेना. रीडिंग घेणारा माणूस येणेही बंद झाले, कारण कागदोपत्री आमचे मीटर आता ‘स्मार्ट’ होते. मग आली सरासरीची बिले, आणि त्यांच्यामागून साचलेल्या युनिटचे एकच मोठे बिल.

इथे एक मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. घरगुती दर टप्प्यांनी वाढतो. पहिल्या १०० युनिटचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० चा त्याहून जास्त आणि पुढे आणखी चढता. तीन महिन्यांची युनिटे एकाच महिन्याची धरली, तर साधे कुटुंबही वरच्या टप्प्यात जाऊन पडते आणि वापर तोच असताना रक्कम फुगते. आम्ही अर्जात ‘बिल जास्त आले’ असे न लिहिता ‘साचलेली युनिटे त्या त्या महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याचा टप्प्यांचा लाभ द्यावा’ असे लिहिले, आणि ते मान्य झाले. मीटरखोलीच्या बाहेर अँटेना ओढून घेण्याचे काम त्यानंतर बऱ्याच पाठपुराव्याने झाले.

वाई

आमच्या वाड्यात जुना चकतीचा मीटर होता. नवा बसला आणि युनिटे जवळपास दीडपट झाली. मीटर पळतो, हे गल्लीतल्या सर्वांचे एकमत होते. आमच्या वायरमनचे तेवढे नव्हते. त्याने तारेतला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आधी फेजच्या (वीज आणणाऱ्या) आणि मग न्यूट्रलच्या (ती परत नेणाऱ्या) तारेला लावून दाखवला. दोन्ही तारांत प्रवाह सारखाच हवा, पण न्यूट्रलमध्ये तो कितीतरी जास्त होता. भिंतीमागच्या एका जुन्या जंक्शन बॉक्समध्ये चुलतभावाच्या बिऱ्हाडाची न्यूट्रल आमच्या न्यूट्रलला जोडलेली निघाली. चकतीचा मीटर फक्त फेजकडे बघत असे. नवा मीटर, चोरी पकडता यावी म्हणून, दोन्ही तारा मोजतो आणि जास्त असेल तो प्रवाह धरून युनिटे लावतो. त्यामुळे भावाच्या घरातला फ्रीज आमच्या बिलात चालत होता.

तारा वेगळ्या केल्यावर युनिटे पूर्ववत झाली. आधीचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण दोष घरातल्या वायरिंगचा होता. जुने वाडे आणि चाळी यांत असे सामाईक न्यूट्रल किती असतील, देव जाणे. मीटर बदलताना ते तपासायला काही मिनिटे पुरतात, परंतु ठेकेदाराच्या माणसाला पैसे बसवलेल्या मीटरमागे मिळतात, तपासण्याचे नव्हे.

नागपूर

आमची तक्रार उलटी आहे. आम्हाला मीटर हवा होता आणि मिळत नव्हता. पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेतून छतावर सौर पॅनेल बसले, पण जाणारी आणि येणारी वीज वेगवेगळी मोजणारा मीटर लागल्याशिवाय यंत्रणा सुरू करता येत नाही. आमचे पॅनेल नुसते ऊन खात राहिले, आणि तेही नागपूरच्या एप्रिलचे. मीटर शिल्लक नाही, मग तपासणीला गेला आहे, मग अर्ज अपूर्ण आहे, अशी कारणे बदलत गेली. पॅनेल बसवणाऱ्या विक्रेत्याकडून मीटरच्या अर्जाचा क्रमांक पहिल्याच दिवशी स्वतःकडे घ्यावा, कारण तो त्याच्याकडेच राहिला तर अर्ज पुढे सरकला की नाही, हे ग्राहकाला कळत नाही.

रेडिंग, इंग्लंड

इथेही सगळे सुरळीत आहे असे समजू नये. मी स्वतः मागणी केली, वेळ ठरली, माणूस वेळेवर आला आणि मीटरचे कपाट उघडून बघताच परत निघाला. रस्त्यावरून येणारी मुख्य केबल जिथे घरात शिरते, ती जुनी पेटी त्याला असुरक्षित वाटली. ती बदलण्याचा अधिकार वीज विकणाऱ्या कंपनीला नाही, तारांचे जाळे सांभाळणारी कंपनी निराळी. दोघींकडे वेगवेगळे फोन करावे लागले. शिवाय इथल्या पहिल्या पिढीच्या स्मार्ट मीटरमधले बरेच मीटर कंपनी बदलताच मुके होत आणि रीडिंग पुन्हा हाताने कळवावे लागे. नाही म्हणायला, स्मार्ट मीटर नको असेल तर नकार देण्याची मोकळीक घरगुती ग्राहकाला इथे आहे.

डोंबिवली (वीज क्षेत्रातून निवृत्त)

वर आलेल्या तक्रारींना लागू पडणारे नियम सांगतो. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावायचा असतो आणि तो किमान तीन महिने ठेवायचा असतो. अर्जात ‘पडताळणी मीटर’ हे शब्द लिहावेत. बिल वादात असताना वीज तोडण्याची भीती घातली जाते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर पुरवठा तोडता येत नाही. स्थानिक कार्यालयाने दाद दिली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यापुढे वीज लोकपाल आहेत. १९१२ या मदतवाहिनीवर फोन जरूर करावा. परंतु तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय तो ठेवू नये.

ठाणे

आमचा अनुभव बरा आहे. मीटर बसवणाऱ्याने जुने रीडिंग मोठ्याने वाचून दाखवले आणि आम्हाला फोटो काढू दिला. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैशांची सवलत मिळू लागली, म्हणून कपडे धुण्याचे यंत्र आता दुपारी लावतो. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात या सवलतीचा फारसा उपयोग नाही, हेही खरे. पहिल्या बिलात सवलतीची ओळ नव्हती. विचारणा केल्यावर पुढच्या बिलात ती आली. मीटर बदलूनही ज्यांच्या बिलात ती अजून दिसत नाही, त्यांनी आपले शहर आणि मीटर बसवल्याचा महिना इथे लिहावा, म्हणजे एकत्रित अर्ज करता येईल.