फॉइलवर असताना डॉल्फिन आणि कासवांशी होणारी टक्कर कशी टाळावी?

झुआरीकाठ

नमस्कार मंडळी. मी गोव्यात दोना पावलच्या आसपास, झुआरीच्या मुखाशी, गेली सहा वर्षे विंडसर्फिंग करतो आहे आणि मागच्या हंगामापासून बोर्डाखाली साध्या फिनऐवजी फॉइल, म्हणजे वेगात बोर्डाला पाण्यावर उचलून धरणारा पाण्याखालचा पंख, लावू लागलो आहे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी साडेचारच्या सुमारास वायव्येचा खारा वारा 12-13 नॉटचा होता आणि मी बाहेरच्या बाजूला, नैऋत्येकडे चाललो होतो. अचानक पुढ्यात दहाएक मीटरवर ‘फुस्स’ असा श्वास सोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ओरखड्यांनी भरलेली एक करडी पाठ पाण्याबाहेर आली. पाठीवरचा लांबट उंचवटा आणि त्यावरचा छोटासा पर इतका स्पष्ट दिसला की तो अजून डोळ्यांसमोर आहे. मी शिडावरचा मागचा हात सोडला, बोर्ड पाण्यावर आपटला आणि मी शिडावर फेकला गेलो.

पाण्यात पडल्यावर मनात एकच धास्ती होती, ती म्हणजे खाली जवळजवळ मीटरभर खोल असलेला पातळ धारेचा कार्बनचा पंख त्या जिवाला लागला तर नसेल ना. काही वेळाने तीन पाठी दूरवर शांतपणे वरखाली होताना दिसल्या, फॉइलवरही कसली खूण नव्हती, त्यामुळे बहुधा टक्कर झाली नाही. तरीही तेव्हापासून मी निर्धास्तपणे फॉइलवर उभा राहू शकलेलो नाही. डॉल्फिन स्वतःहून बाजूला होतात असे मला सगळ्यांनी सांगितले होते. ते कितपत खरे मानावे? पाणी कसे वाचावे, वेग कुठे कमी करावा आणि काही जागा किंवा काही महिने सोडूनच द्यावेत का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

वायव्य

आपण मागचा हात वेळेवर सोडलात, हे उत्तम केलेत. आता मूळ मुद्द्याकडे येतो. डॉल्फिन आपोआप बाजूला होतो हा भरवसा इंजिनाच्या होड्यांच्या अनुभवातून आलेला आहे. होडी लांबून ऐकू येते. फॉइल उचलला गेला की बोर्डाचा पाण्याशी संबंध सुटतो, पाण्यात उरतात ते फक्त मास्ट (बोर्ड आणि पंख जोडणारा उभा दांडा) आणि दोन पंख, आणि त्यांचा आवाज फारच थोडा असतो. काही फॉइल वेगात गुणगुणतात हे खरे, पण ती गुणगुण इशाऱ्यासाठी पुरेशी आहे असे मानून चालू नये. डॉल्फिन प्रतिध्वनीच्या साहाय्याने ‘पाहतो’ हेही खरे, पण तो सतत ध्वनी सोडत नसतो आणि माशांच्या मागे असताना त्याचे सारे लक्ष भक्ष्याकडे असते. तेव्हा टाळण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे, असे समजूनच पाण्यात उतरावे.

थोडा हिशोब पाहा. 15 नॉट म्हणजे सेकंदाला पावणेआठ मीटर. आपल्याला डॉल्फिन दहा मीटरवर दिसला, म्हणजे हाताशी सव्वा ते दीड सेकंद होता. तेवढ्यात हात सोडण्यापलीकडे माणूस काही करू शकत नाही. तोच डॉल्फिन 60 मीटरवर दिसला असता तर जवळजवळ आठ सेकंद मिळाले असते आणि तेवढ्यात त्याच्या मागच्या बाजूने वळसा घेता येतो. म्हणून सगळा प्रश्न लवकर दिसण्याचा आहे आणि तिथे आपल्या वर्णनातली दिशा मला फार महत्त्वाची वाटते. वायव्येचा वारा आडवा घेतला की एक फेरी ईशान्येकडे जाते आणि दुसरी नैऋत्येकडे. फेब्रुवारीत साडेचारनंतर सूर्य नेमका त्या दुसऱ्या फेरीच्या तोंडावर, खाली उतरलेला असतो. पाण्यावर चकाकणाऱ्या त्या पट्ट्यात पोलराइज्ड चष्मा लावूनही पाठ दिसत नाही. परत येताना मात्र सूर्य पाठीशी असतो आणि तेच पाणी आरशासारखे स्वच्छ वाचता येते. मी स्वतः बाहेर जाणारी फेरी बोर्ड पाण्याला टेकवून, फॉइल न उचलता करतो आणि परतीच्या फेरीतच वर येतो. त्याने दुपार निम्मी होते, हे मान्य आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी सूर्य उंच असतानाच, वारा लागल्या लागल्या, उतरावे.

कासवांच्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोरटन उपसागरात हिरव्या कासवांवर झालेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. होडी ताशी 4 किलोमीटरने आली तेव्हा सुमारे 60 टक्के कासवे बाजूला पळाली, 11 किलोमीटरला 22 टक्के आणि 19 किलोमीटरला अवघी 4 टक्के. तीही इंजिनाची होडी होती. कासव धोका ओळखते ते मुख्यतः डोळ्यांनी आणि गढूळ पाण्यात त्याला फार जवळचेच दिसते. आपण फॉइलवर ताशी 28 ते 35 किलोमीटरने जातो, हे त्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे.

तळाशील

मी मालवणकडचा, आमच्या घरी रापणीचा व्यवसाय होता. मला शीड चालवता येत नाही, परंतु पाणी वाचण्याबद्दल जे लहानपणापासून पाहत आलो ते लिहितो.

डॉल्फिन कुठे आहे हे शोधण्याआधी मासळी कुठे आहे ते पाहावे. सुरय पक्षी एकाच जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील, पाण्यावर तारलीचा किंवा पेडव्याचा काळसर डाग हलत असेल, किंवा वारा सगळीकडे सारखा असूनही एका ठिकाणी पाणी उकळल्यासारखे दिसत असेल, तर तिथे खालून कोणीतरी मासळी वर ढकलते आहे असे समजावे. आपल्याकडचा हा पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन किनाऱ्याला धरून, उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी राहणारा आहे. ओहोटी लागली की खाडीतून बाहेर पडणारे गढूळ पाणी आणि समुद्राचे निळसर पाणी यांची जी रेघ दिसते, तिच्या कडेने तो हमखास फिरतो. झुआरीच्या मुखाशी ती रेघ उंचावरून सहज दिसत असणार. जाळ्यांच्या बोयांच्या रांगेपाशीही तो येतो, कारण तिथे त्याला आयती मासळी मिळते. त्या रांगेपासून दूर राहिलात तर डॉल्फिनही वाचेल आणि आमच्या माणसांचे जाळेही.

आणखी एक. एक पाठ दिसली म्हणजे एकच जनावर आहे असे कधीही धरू नये. एक वर असतो तेव्हा दोन-तीन खाली असतात आणि खाली गेलेला कित्येकदा काही मिनिटे वर येत नाही. दिसेनासा झाला म्हणून लगेच पुन्हा वेग घेणे, हीच चूक पर्यटकांच्या होड्या रोज करतात. आमच्या पाण्यात बिनपराचा लहान पॉरपॉइज, डॉल्फिनचाच नातलग, तोही आहे. त्याच्या पाठीवर परच नसल्यामुळे लाटा फुटू लागल्यावर तो कोणालाच दिसत नाही, त्यामुळे पाणी पांढरे होऊ लागले की डोळ्यांवर विसंबण्यात अर्थ उरत नाही.

खाडीपलीकडे

मी अगदी नवीन आहे, म्हणून विचारतो. मच्छीमारी जाळ्यांना आवाज करणारे पिंगर लावतात असे वाचले आहे. तसा एखादा छोटा पिंगर फॉइलच्या मास्टला बांधला तर डॉल्फिन दूर राहणार नाहीत का?

वायव्य

विचार चांगल्या हेतूचा आहे, तरीही मी तो सुचवणार नाही. पिंगर एका जागी स्थिर असलेल्या जाळ्यासाठी बनवलेले असतात आणि तिथेही ते काही प्रजातींवर चालतात, काहींवर नाही. सेकंदाला आठ मीटर वेगाने येणाऱ्या वस्तूचा आवाज ऐकून कुठल्या बाजूला जायचे हे ठरवायला जनावराला वेळ मिळणार नाही. शिवाय खाडीचे मुख हे त्यांचे जेवणाचे ताट आहे. आपल्या दोन तासांच्या हौसेसाठी त्यांना तिथून हुसकावणे योग्य नाही. हे डॉल्फिन आणि आपल्याकडची सागरी कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

सिडनीहून_सविनय

मी सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावर विंग फॉइल करतो, म्हणजे शीड बोर्डाला न जोडता हातात धरून फॉइल चालवतो, म्हणून इकडची पद्धत सांगतो. न्यू साउथ वेल्समध्ये देवमाशापासून 100 मीटर आणि डॉल्फिनपासून 50 मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे, आणि पिल्लू सोबत असेल तर हेच अंतर अनुक्रमे 300 आणि 150 मीटर होते. पुढून आडवे जायचे नाही, नेमके मागूनही यायचे नाही. शिडावर चालणाऱ्यांना यातून सूट नाही. हंपबॅक देवमासे मेपासून उत्तरेकडे जातात आणि ऑगस्टपासून पिल्लांसह परततात. त्या महिन्यांत मी खाडीबाहेर फॉइल नेत नाही.

2023 च्या हिवाळ्यात इथे मोना वेल या किनाऱ्याजवळ एक विंग फॉइलर पाण्यावरून जात असताना हंपबॅक त्याच्यावर येऊन आदळला. पायाला बांधलेली दोरी जनावराला अडकून तो माणूस खोल ओढला गेला, दोरी तुटली म्हणूनच तो वाचला. तेव्हापासून मी पायाची दोरी सोडून एका हिसक्यात सुटणारा कमरेचा पट्टा वापरतो, हेल्मेट आणि इम्पॅक्ट जाकीट तर कायमच घालतो. झुआरीकाठ, आपल्या विंडसर्फला दोरी नसेल, पण शीड अंगाला अडकवणारी हार्नेसची आकडी आहेच. जिथे जनावर असण्याची शंका आहे तिथे आकडीतून बाहेर राहावे, म्हणजे हात सोडताच शीड मोकळे होते.

खेळाचे आयोजकही आता हे गांभीर्याने घेतात. मार्च 2024 मध्ये न्यूझीलंडच्या लिटल्टन बंदरात सेलजीपी या शर्यतमालिकेतल्या फॉइलिंग कॅटामरानांच्या (जोडहोड्यांच्या) शर्यतींचा पहिला दिवस हेक्टर डॉल्फिन मार्गावर आल्यामुळे रद्द करावा लागला. हेक्टर डॉल्फिन न्यूझीलंडबाहेर कुठेही आढळत नाही. किनाऱ्यावर हजारो प्रेक्षक बसलेले असताना शर्यत थांबवली गेली, त्यावर पुष्कळ वाद झाला, पण मला तो निर्णय अगदी योग्य वाटला.

तळाशील

कासवांच्या महिन्यांबद्दल लिहायचे राहिले. ऑलिव्ह रिडले नोव्हेंबरपासून किनाऱ्याजवळ येऊ लागतात आणि साधारण मार्चपर्यंत अंडी घालतात. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग, आमच्याकडे वेळास, आंजर्ले, गुहागर हे त्यांचे किनारे. मादी रात्री वाळूवर येते, पण त्याआधी अनेक दिवस ती समोरच्याच पाण्यात असते. शांत दुपारी नर-मादीची जोडी पाण्यावर तरंगत असते तेव्हा लांबून ती नारळाच्या झावळीसारखी किंवा वाहून आलेल्या ओंडक्यासारखी दिसते. म्हणून माझे सांगणे असे की, ओंडका दिसला तरी कासव समजूनच वळावे. खरोखर ओंडका निघाला तर आपलाच फॉइल वाचेल.

आणि दुर्दैवाने धडक झालीच, तर तिथून निघून जाऊ नये. शीड खाली टाकून पाण्यात थांबावे, जनावर पुन्हा वर येते का आणि सरळ पोहते का ते पाहावे, वेळ आणि खुणेची जागा लक्षात ठेवावी. जखमी कासव दिसले तर महाराष्ट्रात वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे. कासवाला उचलून पुन्हा पाण्यात ढकलू नये, जखमी कासव बुडून मरते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

झुआरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सूर्याच्या दिशेचा मुद्दा वाचून मी माझ्या घड्याळातली त्या दिवसाची नोंद काढून पाहिली. बाहेर जाणारी रेषा खरोखर चकाकीच्या तोंडातून गेली होती, आणि ओहोटी लागून दीड तास झाला होता. म्हणजे मी डोळे दिपलेल्या अवस्थेत, डॉल्फिन जिथे हमखास फिरतात त्याच रेघेवर, 15 नॉटने चाललो होतो.

काल सकाळी मतलई वारा असताना दोना पावलच्या उंचवट्यावर तासभर बसलो. गढूळ आणि निळ्या पाण्याची रेघ तळाशील यांनी सांगितल्याप्रमाणे अगदी स्वच्छ दिसली. पहिली वीस मिनिटे तिथे काहीच नव्हते. मग दोन पाठी दिसल्या, त्यानंतर तिसरी, त्यांच्या बरीच मागे, आणि सगळ्यात शेवटी एका मोठ्या पाठीला चिकटून एक लहान पाठ. या हंगामात त्या रेघेपलीकडे मी फॉइल नेणार नाही, आतल्या बाजूला जुना फिन लावून चालवेन. तिथे सोबत चालवणाऱ्या तिघांनाही ती जागा येत्या रविवारी वरून दाखवणार आहे.