गोल्फसाठी स्टँड बॅग की कार्ट बॅग? बहुतेक राउंड चालत, काही बग्गीत

पहाटेचा_टी
बॅग बदलायची आहे. खेळ बहुतेक वेळा येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर, चालत, सोबत कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस). महिन्यातून एक-दोनदा ऑक्सफर्ड गोल्फ कोर्सला. तिथले चढ बघता बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) घ्यावीच लागते. सेट १४ क्लबचा (फटके मारायच्या काठ्या), पटरला (चेंडू हळूच खड्ड्यात ढकलायच्या क्लबला) जाड ग्रिप, म्हणजे हातात धरायचा भाग. दुकानदार कार्ट बॅगच (गाडीवर ठेवायची, बिनपायांची) घ्या म्हणतोय, कारण कप्पे भरपूर आणि बॅग कॅडी उचलणार. हे पटण्यासारखं आहे का? आणि स्टँड बॅग (उभी करायला दोन पाय असलेली) बग्गीवर नीट बसते का?

नववा_होल
नाही पटत. भरलेल्या बॅगेच्या वजनाचा हिशेब मांडून बघा. आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचे क्लब) प्रत्येकी ४०० ग्रॅमच्या आगेमागे, ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) ३०० च्या आसपास, पटर अर्धा किलो. १४ क्लब मिळून साडेपाच किलोच्या घरात जातात. चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, म्हणजे डझनाचे साडेपाचशे ग्रॅम. लिटरभर पाणी, अर्ध्या किलोची छत्री, टॉवेल-हातमोजे-रेंजफाइंडर-रेनकोट मिळून आणखी किलोभर. बॅग न धरताच साडेआठ किलो झाले. हलकी स्टँड बॅग त्यात दोन ते अडीच किलोंची भर घालते, कार्ट बॅग तीन ते साडेतीन, आणि व्यावसायिक टूरवर दिसते तसली मोठी बॅग चार-पाच किलो. शिवाय कप्पा मोकळा दिसला की आपण तो भरतोच, त्यामुळे कार्ट बॅगेचा खरा फरक एका किलोवर थांबत नाही.

१८ होलचा पूर्ण राउंड म्हणजे आठ-दहा किलोमीटर चाल. कॅडी उचलणार म्हणून वजनाकडे बघायचं नाही, हा विचारच मला चुकीचा वाटतो. कॅडी बॅग बहुधा एकाच खांद्यावर घेतो, चार तास. कार्ट बॅगेला एकच पट्टा असतो, तोही बारीक गादीचा, कारण ती गाडीपर्यंत नेण्यापुरतीच उचलायची असते. तुमच्यासाठी दुहेरी पट्ट्याची स्टँड बॅग. पट्टे सुटे करून एकेरी लावता येतात का तेवढं बघा. बऱ्याच कॅडींना एकेरी सोयीचा पडतो. बुडाशी आणि कडेला मूठ हवीच, नाहीतर डिकीतून काढताना सगळा ताण पट्ट्याच्या टाक्यांवर येतो आणि ते तिथेच उसवतात.

पट्टे बॅग पूर्ण भरूनच लावून घ्या. बॅग कमरेच्या वर आडवी बसली पाहिजे, तोंडाची बाजू किंचित उंच. तोंड खाली गेलं तर वाकल्याबरोबर क्लब बाहेर घसरतात.

बग्गीचा_पट्टा
बग्गीचं सांगतो, कारण बहुतेक स्टँड बॅगा बिघडतात त्या तिथेच. बॅग पुढे कलली की बुडाचा बिजागरीचा भाग दबतो, कडेच्या सळया वर सरकतात आणि पाय उघडतात. बग्गीचा पट्टा ओढून आवळला की हेच घडतं. पाय अर्धवट उघडून बग्गीला टेकलेले राहतात, प्रत्येक खड्ड्याला सळईवर झटका बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांत एक पाय मागे पडायला लागतो.

म्हणून तीन गोष्टी बघा. बूड सपाट आणि रुंद हवं, बिजागरीचा भाग लहान. पाय बांधायला वेल्क्रोची पट्टी किंवा कुलूप हवं. आणि बग्गीचा पट्टा ओवायला कप्प्यांच्या मागून वाट हवी. ती नसेल तर पट्टा नेमका चेंडूंच्या कप्प्यावरून जातो आणि दर होलला सोडावा लागतो. पट्टा आवळताना बॅग हलणार नाही इतपतच. जोर लावून ओढायचा नाही.

दुकानात बॅगेत वजन भरून दहा वेळा उभी करा. दोन्ही पाय एकदम उघडले आणि एकदम मिटले पाहिजेत. रिकाम्या बॅगेवर हे कळत नाही.

पहाटेचा_टी
धन्यवाद, स्टँड बॅग ठरली. आता क्लब ठेवायचे खण ४-५ घ्यावेत की १४? १४ वाल्या जड दिसतात.

नववा_होल
चालणाऱ्याला ५ किंवा ६ पुरतात. १४ खणांचा एक फायदा मात्र मान्य करतो: चुकून १५ वा क्लब राहिला तर पहिल्या टीआधीच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच दिसतो. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) त्या चुकीला होलमागे दोन फटके, जास्तीत जास्त चार, असा दंड आहे.

फसगत होते ती खणांच्या खोलीत. बऱ्याच बॅगांत वर १४ भोकं दिसतात, पण आतली कापडी भिंत वीतभरच खाली जाते. तळाशी सगळ्या ग्रिपा एकमेकींत अडकतात. एक क्लब ओढला की शेजारचा सोबत येतो. मोबाइलचा टॉर्च आत मारून बघा, भिंत तळाला शिवलेली दिसली पाहिजे. तुमचा पटर दुकानात घेऊन जाच. जाड ग्रिप अरुंद खणात रुतते, पटरसाठी वेगळा मोठा खण असलेलीच घ्या.

क्लब लावताना वूड्स (ड्रायव्हरसारखे लांब क्लब) आणि पटर पट्ट्यांच्या बाजूला, वेजेस (आखूड क्लब) पायांच्या बाजूला. उभ्या बॅगेत लांब क्लब वर आणि आखूड खाली राहतात, डोकी आपटत नाहीत.

कोरडी_ग्रिप
कापडावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्या पावसाळ्यात चामड्यासारखं दिसणारं पीयू घेऊ नका. दमट हवेत त्याचा थर सुटतो आणि पापुद्रे निघतात, मुंबई-कोकणात तर फारच लवकर. नायलॉन किंवा पॉलिस्टर घ्या, आतून लेप दिलेलं.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. कापड पाणी अडवतं, पाणी शिरतं ते शिवणीतून आणि चेनमधून. कप्पा उलटा करून शिवणीवर आतून पट्टी चिकटवली आहे का बघा. निदान फोन-पाकिटाचा कप्पा तरी तसा हवा. वरची टोपी बॅगेसोबत आलेलीच ठेवा. दुसऱ्या बॅगेची नीट बसत नाही आणि पाणी थेट ग्रिपांवर उतरतं.

भिजून आल्यावर बॅग डिकीत ठेवू नका. क्लब बाहेर काढा, सगळ्या चेन उघडा, बॅग पंख्याखाली उलटी टेकवून रात्रभर ठेवा. पायांच्या सळया आणि वरची बिजागरी पुसून सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारा. साधं तेल नको, त्याला माती धरते आणि पाय अडकायला लागतात. वेल्क्रोत अडकलेलं गवत जुन्या टूथब्रशने काढत चला, नाहीतर बग्गीवर पाय बांधणारी तीच पट्टी पहिली सुटेल.