लमाँ: वेगापेक्षा पिटमधलं गणित

फेरारी नुसत्या वेगावर लमाँ (फ्रान्समधली २४ तासांची कार शर्यत) जिंकते, असं एक मत आहे, मला ते अर्धंच पटलं. २०२४ ला शेवटच्या दोन तासांत फेरारीच्या ५० नंबरच्या गाडीचं दार उघडं राहिलं, ते लावायला पिटमध्ये (टायर-इंधनासाठी थांबायच्या जागी) यावं लागलं. तरी १४ सेकंदांनी जिंकले, एनर्जी (इंधन नि बॅटरी मिळून) उरली होती जेमतेम २ टक्के! २०२५ ला जिंकली एएफ कोर्स या संघाची पिवळी ८३ नंबरची फेरारी. २०२३ धरून फेरारीचे सलग तीन विजय झाले.

आता खरी परीक्षा टायरची. टायर आधीच तापवून ठेवणाऱ्या वॉर्मरला बंदी, त्यात फेरी १३.६ किमीची, चिपळुणात ऊन नि कुंभार्लीत धो धो, तसला प्रकार. ओल्यात स्लिक (कोरड्या रस्त्याचे गुळगुळीत टायर) थंड पडले की पकड गेलीच. पिटचा फाटा हुकला तर साडेतीन-चार मिनिटं तशीच रेटायची. उलट पावसाळी टायर घाईने घातले नि रस्ता सुकला, तर ते तापून फाटतात.