मदत हवी आहे: लाकडी योयो थरथरतो, लेथवर नेमकं कुठे चुकतंय?

मंडळी, कुपवाड एमआयडीसीत चौतीस वर्षं टर्नर म्हणून, म्हणजे लेथ या कातायच्या यंत्रावर काढली. लोखंड, पितळ, गनमेटल सगळं कातलं, पण रिटायर झाल्यावर लाकडानं घाम फोडलाय. नातीचा प्लास्टिकचा योयो दोन दिवसांत फुटला. म्हटलं, घरात छोटं लेथ असताना विकतचा कशाला?

जूनमध्ये मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तून लाकडाचे उरलेले तुकडे आणले. ५७ मिमी व्यासाच्या दोन चकत्या, मध्ये बाभळीची ८ मिमी दांडी, फट ३ मिमी. चकत्या कातून पार्टिंग केलं (तुकड्यापासून कापून वेगळ्या केल्या) आणि भोकं मग हँड ड्रिलनं पाडली (इथं कुणीतरी कपाळावर हात मारणार, ठाऊक आहे). दांडी फेव्हिकॉलनं बसवली.

पावसाळ्यात बरा चालला. दिवाळीच्या सुट्टीत काढला, तर खाली जातानाच थरथरतो, चकत्या दोऱ्याभोवती गोल वळायला लागतात. खाली थांबून घुमणं तर नाहीच. लगेच माघारी फिरतो आणि निम्म्यावर येऊन मरतो. दोरा दांडीला दोन गाठी मारून पक्का बांधलाय. व्हर्नियर (बारीक मापाची मापणी) लावला तर एकीकडून ५७, आडव्या बाजूनं ५६.२! लोखंड असं कधी करत नाही राव.

वाईचा कातारी:
काका, दुखणी वेगवेगळी आहेत, एकत्र धरू नका. थरथर भोकाची. भोक मध्यात नसेल किंवा तिरकं असेल तर योयो थरथरणारच. पार्टिंगच्या आधी, चकती चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) असतानाच सेंटर ड्रिलनं मध्याची खूण मारा, मग टेलस्टॉकमधून (चकसमोरच्या टेकूतून) ८ मिमीचं बिट घाला आणि त्याच पकडीत आतली बाजू फेस करा, म्हणजे सपाट काता. भोक आणि आतली बाजू आपोआप काटकोनात येतात. बाहेरची बाजू नंतर ८ मिमीच्या मॅन्ड्रेलवर (भोकात बसणाऱ्या दांडीवर) चढवून काता. हे तुम्हाला मी काय सांगणार!

गोल वळतो तो वजनामुळे. दोन चकत्या सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. एक जड निघाली तर तिचीच बाहेरची बाजू थोडी खरवडा.

आणि ५६.२ चं म्हणाल, तर लाकूड रेषेच्या दिशेनं जवळजवळ आटत नाही, आडवं आटतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा प्यालेलं लाकूड तुम्ही गोल कातलंत, दिवाळीपर्यंत ते वाळून लंबगोल झालं. आधी ३-४ मिमी जास्तीचं ठेवून ओबडधोबड काता आणि घरात सावलीत पडू द्या. दर आठवड्याला वजन करा. घटायचं थांबलं की शेवटचा हात मारा.

कऱ्हाडचा दोरीवाला:
गाठी सोडा आधी! घुमणाऱ्या योयोचा दोरा बांधलेला नसतो, नुसता अडकवलेला असतो. सुताचा दोरा दुप्पट घेऊन पीळ द्यायचा, टोकाचा पीळ उलटा फिरवून फास उघडायचा आणि दांडीत सरकवायचा. दांडी त्या फासात मोकळी फिरते, हलका झटका दिला की दोरा पकड घेतो. फिलिपिन्सहून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेसनं १९२८ साली कॅलिफोर्नियात योयोचं उत्पादन सुरू केलं, ते याच अडकवलेल्या दोऱ्याचे. फास सैल झाला की योयो वर यायला कुरकुरतो, घट्ट झाला की थांबत नाही. पीळ कमीजास्त करून जमवा.

मिरजकर:
तून सतारीला उत्तम, कारण हलकं. योयोला मात्र कडेला वजन हवं, नाहीतर फिरणं लवकर संपतं. शिवाय तून मऊ, दोनचारदा फरशीवर आपटला की भोक ढिलं होतं. शिसव किंवा जुनी, वाळलेली बाभूळ घ्या. आणि काम झालं की लेथचा बेड पुसा हो, भुसा तेलात मिसळून चिखल होतो, त्यावरची टूल सरकवणारी स्लाइड जड होते.

मूळ धागाकर्ता:
गाठी सोडून फास अडकवला. थरथरत का होईना, पण योयो खाली थांबून घुमला! नातीनं मोठ्यानं मोजलं, आठपर्यंत गेली. वजनं केली, एक २४ ग्रॅम, दुसरी २१. पडक्या गोठ्याची बाभळीची एक मेढ आहे, तिच्या चार चकत्या ओबडधोबड कातून कपाटावर ठेवल्यात. बाभळीवर माझी एचएसएस (हायस्पीड स्टीलची) टूल मात्र धागे उपटते, पृष्ठभाग खरबरीत येतो. स्पीड आहे तेवढा लावलाय. टूलला धार वेगळ्या कोनात लावायची का, की सरळ सुताराची गौज (खोलगट पटाशी) हातात धरायची?