शनिवारी भेटायचं ठरतंय, आधी कशाकशाचा विचार करू?

मैना_कांजूरची
डुआयडीने (दुसऱ्या नावाने) लिहितेय, समजून घ्या. वय २७, कांजूरला तिघी मिळून भाड्याने राहतो, नोकरी पवईत. ॲपवर एक जण भेटलाय, दोनदा कॉफी झाली, मुलगा नीट वाटतो. त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की रिलेशनशिप वगैरे नको, कॅज्युअल चालणार असेल तर बोल. मलाही लग्नाबिग्नाचं आत्ता काही नकोय, आईने पाठवलेले बायोडेटे बघून डोकं उठलंय. शनिवारी त्याच्या फ्लॅटवर जायचं चाललंय. माझी तयारी आहे असं मला वाटतं, पण रूममेट म्हणते तुला झेपणार नाही, डबेवाल्या मावशी एक दिवस आल्या नाहीत तरी तू तीनदा फोन करतेस. म्हणून विचारतेय, तब्येतीचं आणि डोक्याचं, दोन्ही. संस्कारांचे डोस नकोत, ते घरी फुकट मिळतात.

दादरचा_म्हातारा
आमच्या वेळी असले धागे निघत नसत.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर
काका, तुमच्या वेळी फक्त धागे निघत नसत. पुढे चला.

लेडीज_फर्स्टक्लास
मैना, मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलेय म्हणून लिहिते. रात्र छान गेली, त्याबद्दल तक्रार नाही. सोमवारी डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धी लटकून बसलेली, मांडीवर पर्स, तिच्यावर डबा, आणि ठाणे सुटल्यापासून घाटकोपर येईपर्यंत किती वेळा फोन बघितला असेल देव जाणे. निळ्या टिका आलेल्या, उत्तर नाही. शेजारच्या काकूंनी शेवटी विचारलं, काय गं, घरी कोणी आजारी आहे का. आणि त्याने मला फसवलं वगैरे काही नव्हतं हां, त्याने तुझ्यावाल्यासारखंच सगळं आधी सांगितलेलं. मीच हो हो मलापण तेच हवंय म्हणाले होते, कारण नाही म्हटलं असतं तर तो गेला असता. तेवढं एक स्वतःशी बघ, की तुला हे हवंय की तो हवाय. तो नंतर आठ दिवस गप्प बसला, किंवा महिन्याभराने दुसऱ्या कोणाबरोबर दिसला, तर तुझं काय होईल याचा विचार आत्ता कर, दोन बिअर पोटात गेल्यावर नको. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, माझ्या एका मैत्रिणीला काहीही वाटलं नाही, मस्त झोपली आणि दुसऱ्या दिवशी मिसळ खायला गेली. पण मी तशी नाही हे मला नंतर कळलं, आणि दोन महिने जेवण जात नव्हतं. अजून एक, रूममेटला पत्ता देऊन जा आणि लोकेशन ऑन ठेव. तिथे गेल्यावर नको वाटलं तर सरळ उठून ये, घरापर्यंत गेलीस म्हणजे हो म्हटलंस असं होत नाही.

बॅकबेंचर_कुर्ला
मुलाच्या बाजूने सांगतो. माझा कंडोम पाकिटात चार-पाच महिने पडलेला, पाकीट मागच्या खिशात, त्यात मुंबईचा मे महिना. ऐन वेळी फाटला. नंतर नेटवर वाचलं की गरमीने आणि घासून लॅटेक्स खराब होतं, आणि खोबरेल तेल लावलं तरी. तिला ओळखत होतो कितीसं, आडनावपण माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो, त्यांनी २८ दिवसांच्या गोळ्या दिल्या. रोज रात्री गोळी घेताना आई विचारायची कसली गोळी, मी म्हणायचो ॲसिडिटीची. रिपोर्ट निगेटिव्ह आला पण ते तीन महिने मी विसरणार नाही. त्यामुळे कंडोमचं नवीन पाकीट तू स्वतः घेऊन जा, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

समुपदेशक_१०_वर्षं
सरकारी तपासणी केंद्रात काम करते, कुठल्या ते राहू दे. वरच्या दादाने ज्या गोळ्या घेतल्या त्याला पीईपी म्हणतात, एचआयव्ही लागू नये म्हणून देतात, ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, नंतर उपयोग नाही. आमच्याकडे लोक दुसऱ्याच दिवशी सकाळी एचआयव्ही टेस्टला येऊन बसतात, रात्रभर झोपलेले नसतात बिचारे, पण इतक्या लवकर टेस्टमध्ये काही दिसतच नाही. लॅबमधल्या चौथ्या जनरेशनच्या टेस्टमध्ये दिसायला संबंधानंतर साधारण १८ ते ४५ दिवस लागतात, बोटातून रक्त घेऊन करतात त्या रॅपिडला ९० पर्यंत. म्हणून त्याने मोबाइलवर निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला तर वरची तारीख बघ आणि त्यानंतर कोणाबरोबर काय झालं ते विचार. आणि तो रिपोर्ट बहुतेक वेळा फक्त एचआयव्हीचा असतो, सेक्समधून लागणारे बाकीचे आजार त्यात नसतात. क्लॅमिडियात खूप मुलींना काही त्रासच जाणवत नाही, आत गर्भाशयाच्या नळ्यांना सूज येऊन पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. सिफिलिसची जखम दुखत नाही, आपोआप भरते, माणसाला वाटतं बरं झालं, आजार मात्र आतच असतो. कंडोमने धोका खूप कमी होतो, पण हर्पिस आणि एचपीव्ही त्वचेला त्वचा लागून पसरतात तिथे तो पूर्ण पुरत नाही. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्हींच्या लसी आहेत, डॉक्टरला विचार.

इमर्जन्सी गोळी ७२ तासांत घ्यायची, ती फक्त गर्भ राहू नये म्हणून, इन्फेक्शनशी तिचा संबंध नाही. ती घेऊनही पाळी आठवडाभर लांबली तर टेस्ट कर, घाबरून घरगुती उपाय करू नकोस, गर्भपाताचा कायदा लग्न न झालेल्या मुलींनाही लागू आहे आणि १८ च्या वर असशील तर सही फक्त तुझीच लागते. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत (आमच्यासारख्या सरकारी तपासणी केंद्रात) फुकट होते, नाव बाहेर जात नाही. १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करून जवळचं केंद्र विचारता येतं. मन फारच खाली गेलं तर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ आहे.

मैना_कांजूरची
सगळ्यांचे आभार, काकांचेपण. काल त्याला मेसेजवर विचारलं, टेस्ट कधी केलेली. आधी हसायचा इमोजी आला, मग ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का’. मी म्हटलं तुझं आडनाव मला कालच कळलंय. त्यानंतर निळ्या टिका. आज दुपारी त्याचा मेसेज आला की कधीच केली नाहीये, कुठे करतात. शनिवारी फ्लॅट रद्द, सकाळी दोघं तपासणी केंद्रात जाणार आहोत. रूममेट म्हणते हीच खरी डेट.

समुपदेशक_१०_वर्षं
शनिवारी किती वाजेपर्यंत उघडं असतं ते आधी फोन करून विचार.